काट्यावर एकच माणूस

कुमुदताई,

तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पाचव्या दिवशी ट्रेनिंग होतं. दिवस तुम्हीच ठरवलेला, माणसं तुम्हीच बोलावलेली, आणि ऐन वेळी स्वतः गायब. डॉक्टरसाहेब म्हणाले, पुढे ढकलू या, सगळ्यांनाच वाईट वाटतंय. मी म्हटलं, नको. का म्हटलं ते मलाही कळलं नाही. घरी येऊन पोळ्या लाटायला बसले तेव्हा कळलं आणि हात थांबले. हॉलच्या दारात उभं राहून मला तो एक प्रश्न विचारणारं आता कुणी नव्हतं. उत्तर मात्र द्यायचं राहिलंच होतं.

त्या प्रश्नावर येते. आधी आपली भांडणं, कारण आपली ओळखच भांडणातून झाली.

तुम्ही सुरतेत, पांडेसऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा ट्रेनिंग द्यायला आलात तेव्हा मला नर्स होऊन वीस वर्षं झाली होती आणि आता मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी शेवटच्या रांगेत बसले होते. घरात मार खाणारी बाई ओळखायची कशी आणि ओळखल्यावर करायचं काय, हा विषय. मी शेजारच्या सिस्टरच्या कानात म्हटलं, घ्या, आता पोलिसांचंही काम आपल्याच गळ्यात. तुम्ही ते ऐकलंत. तुम्हाला नको ते सगळं ऐकू यायचं. मला पुढे बोलावलंत, एका तरुण आशाबेनला, म्हणजे आशा कार्यकर्तीला, पेशंट केलंत आणि स्वतः डोक्यावर पदर घेऊन तिची सासू झालात.

"सिस्टर, विचारा हिला काय झालं ते."

मी विचारलं. उत्तर तुम्ही दिलंत. "बाथरूममध्ये घसरली. डोळे कुठे असतात हिचे!"

मी विचारलं, पोटात दुखतं का? "नाय दुखत. दोन पोळ्या जास्तच खाते ने."

हॉल हसून हसून लोळला. चौकीतले हवालदार तर टेबलावर हात आपटत होते. मीही हसत हसत पाच प्रश्न विचारले, पाचांचीही उत्तरं सासूनं दिली आणि मी केसपेपर पुरा करून खाली ठेवला. मग तुम्ही पदर खांद्यावर घेतलात आणि त्या आशाबेनला विचारलंत, "तुझा आवाज ऐकला का ग कुणी?" ती म्हणाली, "नाही." तो तिच्या तोंडातून निघालेला पहिला शब्द होता.

मला इतका संताप आला की मी जेवायलाही थांबले नाही. रस्त्यानं चालताना त्याच सकाळचे केसपेपर आठवत गेले. त्यातले अर्धेअधिक सासवांनी, नवऱ्यांनी, नाहीतर नणंदांनी भरून दिलेले होते, आणि अक्षर माझं होतं.

मग तुम्ही वजनकाट्यामागे लागलात. काटा आमच्याकडे केसपेपरच्या खिडकीपाशी, भर व्हरांड्यात असायचा. बाई वर उभी राहायची, मागून सासू वाकून आकडा वाचायची आणि वर सगळ्यांना ऐकवायची. तुम्ही म्हणालात, काटा आत घ्या, ड्रेसिंगच्या खोलीत, पडद्यामागे. डॉक्टरसाहेब म्हणाले, जागा नाही. मी म्हटलं, पेशंटला उगीच चालायला कशाला लावायचं? तुम्ही पदर खोचलात आणि त्या वयात स्वतःच काटा उचलायला लागलात. झक मारत मला दुसरी बाजू धरावी लागली.

"सिंधू, काट्यावर एकच माणूस उभं राहतं," धापा टाकत तुम्ही म्हणालात. "सासूला बाहेर ठेवायला दुसरं काय कारण आहे तुझ्याकडे?"

पडद्याचं कापडही तुम्हीच आणलंत. डाइंग मिलमधला बिघडलेला तागा, त्यावर जांभळी फुलं, आणि प्रत्येक फुलाचा रंग बाजूला पसरलेला. इतका भयानक पडदा मी आयुष्यात पाहिला नाही. पण जाड होता. तुम्ही मला बाहेर उभं केलंत, आत जाऊन हळू बोललात आणि बाहेर काही ऐकू आलं का ते विचारलंत. तीन वेळा. तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं.

त्यानंतर प्रश्न. प्रत्येकीला विचारायचं, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, जिच्या अंगावर वळ दिसतील तिला विचारू. तुम्ही म्हणायचात, निवडून विचारलंस तर तिला वाटतं आपल्या तोंडावरच लिहिलंय, आणि ती तोंड मिटून घेते. मी "मारहाण होते का" असं विचारायचे आणि प्रत्येकीकडून "नाही" ऐकायचे. तुम्ही म्हणालात, मार म्हणजे काय, हे तिच्या घरानं तिला आधीच ठरवून दिलंय. एक चापट म्हणजे मार नाही. भीती वाटते का, ते विचार. भीतीची व्याख्या तिला कुणी दिलेली नसते. हे तुमचं मला त्याच दिवशी पटलं होतं. पटलं असं सांगितलं मात्र नाही. आज सांगते.

आता अलका. हे तिचं नाव नाही. नाव तुम्हीच दिलंत. आपण दोघीच खोलीत असलो तरी खरं नाव घ्यायचं नाही, असा तुमचा दंडक. नवागामला राहणारी, नवरा लूमवर, कडेवर मूल. दंडावर भाजलं म्हणून सासू तिला घेऊन आली. "भाकरी करताना भाजलं," सासू म्हणाली. ताई, मी अमळनेरकडची. लहानपणापासून भाकरी थापतेय. भाकरी करताना बोटं भाजतात, फार तर मनगट. दंडाच्या मागच्या बाजूला भाकरी भाजत नाही. मी म्हटलं, आधी वजन करू. सासूला बाहेर बसवलं आणि पडदा ओढला.

काट्यावर ती उभी राहिली आणि कुठलं गाव म्हणून विचारलं तर माझ्या माहेरापासून दोन गावं पलीकडचं. मग तुमचा भीतीचा प्रश्न मी माझ्या घरच्या बोलीत विचारला. "घरमा तुले कोना भेव वाटस का?" तिनं मान वर केली. सुरतेच्या सरकारी दवाखान्यात अहिराणी ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नसावं. मग काट्याकडे बघत एवढंच म्हणाली, "वाटस."

त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते! इथवर मी सगळं तुमच्या शिकवणीप्रमाणे केलं होतं. पुढे काय करायचं तेही तुम्ही शिकवलं होतं. तिचं ऐकायचं, केसपेपरवर जखम नीट लिहायची, समुपदेशन केंद्राची माहिती द्यायची आणि तिला काय हवंय ते विचारायचं. मी ऐकलं, मी लिहिलं, आणि मग माझ्यातली नर्स बाजूला झाली आणि खान्देशी बाई पुढे आली. आपल्या मुलुखातली पोर, परमुलुखात मार खातेय, आणि तिकडे माहेरी कुणाला पत्ता नाही! तिच्या गावात माझ्या चुलतभावाची सासुरवाडी. दोन फोन केले, तिच्या भावाचा नंबर मिळाला. तिसरा फोन त्याला. तुझी बहीण अशी अशी आहे, भाऊ असशील तर ये.

आला की हो. उधना स्टेशनवर उतरला तो दोन वडीलधारी माणसं आणि बायकोला घेऊनच. नवागामच्या त्या खोलीत बैठक बसली. नवऱ्यानं सगळ्यांदेखत मेव्हण्याचे पाय धरले. भावानं बहिणीला साडी घेतली, वहिनीनं ओटी भरली, सगळे जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना माझ्यासाठी दवाखान्यात पेढे ठेवून गेले.

ते पेढे मी ट्रेनिंगला आणले. हॉलभर वाटले. तुमच्या हातावर ठेवला आणि घडलेलं सगळं सांगितलं, अगदी नवऱ्यानं पाय कसे धरले त्याच्या अभिनयासकट. तुम्ही पेढा हातात तसाच धरून ऐकत होतात.

"तिनं काय सांगितलं?" तुम्ही विचारलंत.

"कोणी?"

"अलकानं."

बैठकीत कोण काय बोललं ते मला पाठ होतं. भाऊ, नवरा, सासू, ती दोन वडीलधारी माणसं. अलका काय बोलली ते मी कुणाला विचारलंही नव्हतं. तुम्ही पेढा कागदात गुंडाळून टेबलावर ठेवलात आणि ट्रेनिंग सुरू केलंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं, अपमानानं. तेव्हा तरी पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

तो महिन्याभरानं आला. अलका मुलाला लसीला घेऊन आली, सोबत सासू. मी वजनाच्या निमित्तानं तिला आत घेतलं. गालाच्या हाडाशी पिवळट डाग होता. ती माझ्याशी बोलायलाच तयार नव्हती. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "तुम्ही माले इचारंच नही, ताई." मला तुम्ही विचारलंच नाही. आणि पुढे, "आते भाऊबी म्हनस, नांद." भावानं चार माणसांत शब्द दिला होता, नवऱ्यानं माफी मागितली होती, आता बहीण परत आली तर भावाचा शब्द खाली पडणार. कधीतरी जाता येईल म्हणून तिनं मनात राखून ठेवलेलं एक दार होतं. माझ्या त्या फोननं ते बंद झालं. त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. मुलाच्या लसीसुद्धा दुसरीकडे टोचून घेऊ लागली.

पुढच्या वेळी तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा मी तुमच्याकडे आले ती भांडायलाच. माणसाला आपली चूक दिसली की समोरच्याची शोधावीशी वाटते, आणि समोर तुम्ही होतात. मी म्हटलं, "तुमच्या तीन पिढ्या सुरतेत गेल्या. तुम्हाला माहेर काय कळणार? तुम्हाला तर धड मराठीही येत नाही!" व्हरांड्यात सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही "बराबर" म्हणालात, पिशवी उचललीत आणि रिक्षात बसलात.

पुढच्या आठवड्यात आलात ते वही घेऊनच. माझ्या टेबलासमोर बसलात आणि म्हणालात, "सिंधू, धड मराठी येत नाही तर नाही. मला अहिराणी शिकव. तो भेवाचा प्रश्न मला पाठ करायचाय." तुम्ही तो असा काही म्हणायचात की अमळनेरच्या बाजारात लोकांनी रस्ता सोडला असता. मी हसले आणि तुम्हीही हसलात. त्या हसण्यात माझी माफी मागायची राहून गेली. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं, ताई. रोज वाटायचं, उद्या घेऊ.

आणि त्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, "ही चूक तू ट्रेनिंगमध्ये सांग." मी उडालेच. म्हटलं, माझी अब्रू काढताय का? चारचौघांत? तुम्ही म्हणालात, "मी दहा वेळा सांगते, तिला विचारल्याशिवाय काही करू नका. सगळे माना डोलावतात आणि जाऊन समेट घडवून आणतात. चांगल्या मनानं करतात ने, म्हणून तर कुणाला थांबवता येत नाही. तू सांगितलंस तर थांबतील." मी म्हटलं, नाही सांगणार. तुम्ही म्हणालात, बरं.

बरं म्हणजे तुमचं बरं! त्यानंतर प्रत्येक ट्रेनिंगच्या दिवशी तुम्ही हॉलच्या दारात उभ्या, केसांत पेन्सिल खोचलेली, हातात अर्धा कप चहा. मी आले की एकच शब्द. "आज?" मी म्हणायचे, "नाही." तुम्ही बाजूला होऊन मला आत सोडायचात. तेवढंच. एकदाही आग्रह केला नाहीत, एकदाही टोमणा मारला नाहीत. दोन वर्षं. मला तर वाटतं तुम्ही टोमणा मारला असतात तर मी जन्मभर सांगितलं नसतं.

इस्पितळात तुम्हाला भेटायला आले तो आपला शेवटचा दिवस, हे मला माहीत नव्हतं. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि मला बघून तुम्ही म्हणालात, "आज?" मी हसले. म्हटलं, "आधी उठा तरी!" तुम्हीही हसलात, नळीसकट. मी काही माफीबिफी मागितली नाही. मोसंबी सोलून दिली, तुमच्या सुनेशी बोलले आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून निघाले.

तर पाचवा दिवस. हॉलच्या दारात कुणी नव्हतं. मी तिथे जरा थांबले. मग मीच म्हटलं, "हो, आज," आणि आत गेले. मागून येणारी आशाबेन मला म्हणाली, "काय म्हणालात सिस्टर?" मी म्हटलं, काही नाही, बस.

सांगितलं. नाव नाही, गाव नाही, गल्ली नाही. तुमचा दंडक पाळला. पण पेढ्यांसकट सांगितलं. पाय धरले त्याचा अभिनय या वेळी केला नाही. "तिनं काय सांगितलं" इथे आले तेव्हा समोर बसलेल्या बायका खाली बघत होत्या. मला वाटलं, झालं, गेली इतक्या वर्षांची इज्जत. मग मागून हवालदार उठले. तेच, टेबलावर हात आपटणारे. म्हणाले, "बेन, हम तो रोज यही करते हैं. दोनों को बिठाते हैं, समझौता करवाते हैं, चाय पिलाके घर भेजते हैं. आज तक औरत से अलग से कभी पूछा नहीं." आणि खाली बसले. अंगणवाडीची एक बाई म्हणाली, मी पण तिच्या आईला कळवलं होतं. मग आणखी एक. ताई, एकेक करून अर्धा हॉल बोलला. सगळ्यांनी चांगल्या मनानंच केलं होतं.

शेवटी नवागामला घरोघर फिरणाऱ्या आशाबेननं विचारलं, "तो पछी पूछवानुं शुं, बेन?" मग विचारायचं तरी काय? मी म्हटलं, तुला काय हवंय, एवढंच. आणि मग गप्प बसायचं. ती म्हणाली, कितना टाइम? मी म्हटलं, ती बोलेपर्यंत. आणि तुम्ही बसायचात तशी गप्प बसून दाखवलं. फार अवघड आहे हो ते! तुम्ही इतकी वर्षं कसं केलंत?

तुमच्या नवव्या दिवशी, सकाळच्या ओपीडीत, मी केसपेपर लिहीत होते. खिडकीपाशी अलका उभी. हाडं वर आलेली, पण उभी. सोबत एक नवी लग्न झालेली, शेजारची, हातातला चुडाही उतरलेला नव्हता. आणि त्या मुलीची सासू. अलका माझ्याकडे बघून म्हणाली, "आमनी गल्लीनी आशाबेन म्हने, आते तुम्ही पहिले इचारतस." आता तुम्ही आधी विचारता, म्हणे. मग त्या मुलीला पुढे केलं. "हिनं वजन करनं शे." आणि स्वतः त्या सासूशेजारी बाकड्यावर बसून तिच्याशी भाज्यांच्या भावाच्या अशा काही गप्पा मारायला लागली की त्या बाईला आत यायचं सुचलंच नाही. अलकाला हे कुणी शिकवलं? आपल्या कुठल्या ट्रेनिंगला आली होती ती?

मुलीचं झालं. ती काय बोलली ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. ती बाहेर गेली आणि मग अलका आत आली, चपला काढून काट्यावर उभी राहिली. मी आकडा बघितला नाही. विचारलं, "तुले काय पाहिजे, अलका?" तेव्हा खरं नावच घेतलं, इथे अलकाच लिहिते; तुम्ही नव्हता, म्हणून तेवढी सूट घेतली. आणि गप्प बसले. पंख्याकडे बघितलं, त्या घाणेरड्या जांभळ्या फुलांकडे बघितलं. शंभर गोष्टी जिभेवर आल्या. केंद्र, वकील, भाऊ नको तर मामा. सगळ्या गिळल्या.

"मना कागदं," ती म्हणाली.

माझे कागद. तिचं आधार कार्ड, शाळेचा दाखला, मुलाचा जन्माचा दाखला. सगळे सासूच्या पेटीत, कुलपात. ते हातात आले की पुढचं ती बघणार होती. कोसाडला तिची एक मैत्रीण आहे, तिथे शिवणाचं काम आहे, हे सगळं तिचं केव्हाच ठरलेलं होतं. कागदांवाचून अडलं होतं. ताई, दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं. साडी, ओटी, पेढे, उधना स्टेशन, यातलं काहीच तिला नको होतं.

पेटी उघडायची कशी, तेही तिलाच माहीत होतं. गल्लीत आरोग्य कार्डाचं काम चालूच आहे, मूळ कागद सगळ्यांनाच आणावे लागतात. आशाबेननं रीतसर सांगावं, म्हणजे सासू स्वतः काढून देईल. मी असते तर हवालदाराला पाठवलं असतं आणि परत घोळ घातला असता. परवा सासूनं आपल्या हातानं कुलूप काढलं. काल अलका दवाखान्यात आली आणि पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर धरली. तिन्ही कागद. ती हसत होती.

माझ्या कपाटाची किल्ली कमरेलाच होती, ताई. हात किल्लीकडे गेलासुद्धा. मग थांबवला, आणि कागद कुठे ठेवायचे ते तिलाच विचारलं.